पडले नाही, बसले

"आजी, गेल्या तीन महिन्यांत कधी पडलात का?"

सिस्टरच्या हातात पॅड होतं, पॅडला सुतळीनं बांधलेलं पेन होतं आणि तिची मान खाली होती. आई पलंगावर पाय सोडून बसलेली. ताप १०२, धाप लागलेली, डाव्या हाताला नुकतीच सलाईनची सुई टोचून चिकटपट्टी लावलेली. तरीही तिनं पाठ ताठ केली, उजव्या हातानं पदर सारखा केला आणि शाळेत हजेरी द्यावी तसं खणखणीत सांगितलं, "नाही." सिस्टरनं चौकटीत शून्य लिहिलं. काठी, वॉकर काही वापरता? "नाही." चालताना आधार लागतो? "कशाला लागंल?" पुन्हा शून्य. दीड-दोन मिनिटांत कागद भरून झाला. मी पलंगाच्या पायथ्याशी दोन पिशव्या, फाइल आणि घरून आणलेली उशी सांभाळत उभी होते. आईच्या पहिल्या उत्तराला माझं तोंड उघडलं होतं. मग मी ते मिटलं.

गेल्या भाद्रपदातली ही गोष्ट. न्यूमोनिया कधीच बरा झाला, विमा कंपनीशी भांडूनही झालं. रुग्णालयातले ते अकरा दिवस एकमेकांत मिसळून गेलेत, कुठल्या दिवशी कोण भेटायला आलं ते आता सांगता येत नाही. ते उघडून मिटलेलं तोंड मात्र काल घडल्यासारखं आठवतं.

कारण आई पडली होती. श्रावणात. आणि मला ते माहीत होतं.

शनिवार होता. मी अर्ध्या दिवसानं घरी आले तर आई भर दुपारी अंथरुणावर. ती दुपारी आडवी होत नाही, तिला ते आळशीपणाचं लक्षण वाटतं. हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेले तर टॉवेलचा रॉड एका बाजूनं निखळून लोंबत होता. प्लगसकट स्क्रू खाली पडलेला, भिंतीला भोक आणि ओल्या फरशीवर सिमेंटचा पांढरा चुरा. "रॉड कसा गं निघाला?" तर म्हणाली, "जुना झालाय. हात लावला तर हातातच आला." "पडलीस का?" "पडले नाही गं. बसले खाली. पाय दुमडला जरा." एवढं म्हणून तिनं कूस बदलली. त्या दिवसापासून आठ दिवस, त्या दमट हवेत, ती कोपराच्या खालपर्यंत बाह्या असलेले ब्लाउज घालत होती. कपडे बदलताना एकदा ओझरतं दिसलं. दंडापासून कोपरापर्यंत पिकल्या जांभळासारखा डाग. मी एम-सील आणलं, दोन रंगांचे गोळे एकत्र मळले, भोकात भरले आणि रॉड पुन्हा बसवला. त्या सकाळी केस धुऊन मी घाईघाईनं निघाले होते आणि शॅम्पूचा फेस फरशीवर तसाच सोडला होता, हे तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही. रॉडवर पुन्हा टॉवेल आला आणि आम्हा दोघींच्या दृष्टीनं ते प्रकरण मिटलं.

तेव्हा रुग्णालयात मी गप्प बसले ते आईचा मान राखायला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं. "कुठं पडल्या? कशा?" असं सिस्टरनं विचारलं असतं, तर उत्तर माझ्या शॅम्पूपाशी येऊन थांबलं असतं. शिवाय बंगळूरला असलेल्या भावाच्या कानावर गेलं असतं, आणि "तू घरात असताना?" हे त्याचं तीन शब्दांचं वाक्य मला फोनवर ऐकायचं नव्हतं.

मराठीत काय काय पडतं! पाऊस पडतो, थंडी पडते, प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, विसर पडतो. यातलं कुणी पडलं तर चौकशी होत नाही. माणूस पडला की पहिला प्रश्न "कशी पडलीस?" आणि त्यातला "कशी" हा आरोपच असतो. रांगतं मूल पडलं की आपण जमिनीला चापट मारतो, "हात् रे जमिनी, आमच्या बाळाला पाडतेस!" मूल रडायचं थांबतं. तेच माणूस ऐंशीचं झालं की जमीन निर्दोष सुटते. "कशाला उठलीस? हाक मारायला काय झालं होतं? सांगितलं होतं ना, ओल्यात जाऊ नको म्हणून?" आमच्या सोसायटीत मी हे दर पावसाळ्यात ऐकते, मीही बोलले आहे. असं बोलणं एकदा खाल्लं की पुढच्या वेळी माणूस पडत नाही, "बसतं".

आईला हे शिकायला म्हातारं व्हायची गरज नव्हती. कराडच्या आमच्या घरात माजघरातून परसात उतरायला उंच उंबरा आणि दोन दगडी पायऱ्या होत्या. माझी आजी, म्हणजे आईची सासू, पहाटे अंधारात तिथून घसरली आणि तिचा खुबा मोडला. हाडवैद्य आला, पाला बांधला, पट्ट्या आवळल्या. ते हाड पुन्हा जुळलं नाही. पाच महिने आजी त्याच माजघरात पडून होती आणि तिचं सगळं आईनं केलं. पाठीला जखमा झाल्या तेव्हा खाटेवर मऊ धोतरं घडी करून घालायची, ती दर दोन तासांनी बदलायची. मी सहा-सात वर्षांची असेन. मला आठवतो तो कडुनिंबाच्या पाल्याच्या गरम पाण्याचा वास. पुढं आमच्या घरात आजीची गोष्ट एकाच दमात सांगितली जाई, मध्ये स्वल्पविरामसुद्धा नसे. "आजी पडली नि अंथरूण धरलं नि गेली." आई "नाही" म्हणाली ती सिस्टरला म्हणाली, की त्या वाक्याला, कोण जाणे.

त्यात आईला पायांचा अभिमान फार. वडील गेल्यावर तिनं बावीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. गिरणीतली फरशी बाहेरच्या माणसाला कळत नाही. वर पीठ बसलं की ती तेल लावल्यासारखी होते. नवी गिऱ्हाइकं चपला घालून आत आली की आई ओरडायची, "चपला बाहेर! अनवाणी ये, बोटं फाकवून पाय टाक." स्वतः दिवसभर दळणाचे डबे उचलून याच फरशीवर वावरायची. पट्टा उतरला की मोटर बंद करून तो हातानं चढवायची. बावीस वर्षांत एकदाही पडली नाही, आणि हे ती कुणालाही, अगदी लग्नात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगते.

रुग्णालयात तिसऱ्या रात्री तीन-सव्वातीनला मला जाग आली ती धप्प आवाजानं नव्हे. सलाईनच्या स्टँडची चाकं फरशीवर कुरकुरली, आणि मग हळूच "अगं बाई". मी खाली सतरंजीवर होते. उठून पाहते तर आई पलंग आणि लॉकर यांच्या मधल्या जागेत, पलंगाला पाठ टेकून बसलेली. एका हातात स्टँडचा दांडा घट्ट. नळी ताणली गेलेली आणि तिच्यात रक्त उलटं चढलेलं. खाली ओलं होतं. तिला लघवीला जायचं होतं आणि तिथवर पोचणं जमलं नव्हतं. डोळे उघडे, पण ती मला बघत नव्हती. म्हणाली, "पट्टा उतरलाय. आधी मोटर बंद कर." ताप, औषधं, झोपेची गोळी आणि अनोळखी जागा, याचं मिळून म्हाताऱ्या माणसांचं असं होतं म्हणे. दिवसा लख्ख, रात्री कुठल्या कुठं. गावाकडं याला वात झाला म्हणायचे. मावशी आल्या, सिस्टर आली, तिघींनी मिळून तिला वर घेतलं. वर घेताना ती एकदम भानावर आली. भोवतालचे चेहरे पाहिले आणि सिस्टरला म्हणाली, "पडले नाही हं. बसले."

डॉक्टर आले. टॉर्चनं डोळे पाहिले, पाय हलवून पाहिला, खुब्याचा एक्स-रे झाला. हाड शाबूत होतं. बेल का नाही दाबली, असं सिस्टरनं विचारलं तेव्हा मी पलंगाच्या मागं पाहिलं. बेलची वायर आईच्या पाठीला टोचत होती म्हणून संध्याकाळी मीच ती गुंडाळून मागच्या खिळ्याला अडकवली होती. हे मात्र मी सांगितलं. त्या रात्री त्या वॉर्डात तीस खाटांना दोन सिस्टर आणि एक मावशी होत्या. आमची सिस्टर लातूरकडची, तेवीस-चोवीस वर्षांची. तिला आता लांबलचक अहवाल लिहायचा होता. काय घडलं, किती वाजता, कठडे वर होते का, दिवा चालू होता का, शेवटचं कधी पाहिलं. लिहिताना तिचा हात थरथरत होता. आईपेक्षा तीच जास्त घाबरलेली दिसत होती, आणि मला वाटतं ते बरोबरच होतं. आई पडली नव्हती, बसली होती. सिस्टरच्या कागदावर मात्र ती पडलीच होती. पुढं कधीतरी वाचलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत नकळत जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर येऊन टेकणं म्हणजे पडणं. हाड मोडायला हवं, रक्त यायला हवं असं काही नाही. श्रावणातलं बसणंही त्यात आलं.

सकाळी कागद नव्यानं भरायला घेतला. या वेळी उत्तरं मी दिली.

या कागदाला मोर्स स्केल म्हणतात, हे सिस्टरनंच सांगितलं. जॅनिस मोर्स या परिचर्येतल्या संशोधक बाईंनी ते १९८९ साली छापलं आणि जगभरच्या वॉर्डांत ते पोचलं. सहा प्रश्न, प्रत्येकाला ठरलेले गुण. तीन महिन्यांत पडणं झालं असेल तर २५. एकाहून जास्त आजार असतील तर १५. शिरेत सुई असेल तर २०. चाल अशक्त असेल तर १०, फारच बिघडलेली असेल तर २०. आपल्याला काय झेपतं याचा अंदाज सुटला असेल तर १५. आणि आधाराचा प्रश्न. काठी किंवा वॉकर असेल तर १५, पण फर्निचर धरून चालत असेल तर ३०. बऱ्याच ठिकाणी ४५ च्या वर गेलं की धोका जास्त धरतात. पहिल्या दिवशी आईचे ३५ झाले होते, ती सुई आणि मधुमेह-रक्तदाब यांची देणगी. माझ्या उत्तरांनी ते १०० झाले. रात्रीच्या गिरणीचे १५ धरले तर ११५. परीक्षेत एवढे गुण आमच्या घरात कुणाला पडले नव्हते.

मला अडकवलं ते त्या फर्निचरच्या तीस गुणांनी. काठीपेक्षा दुप्पट! सिस्टर म्हणाली, "काठीवाला माणूस काठी सोबत नेतो ना, ताई. खुर्ची कुठं सोबत येते?" आणि मग विचारलं, "घरी आजी कशाला धरून चालतात?" मी "कशाला नाही" म्हणणार होते. डोळ्यांसमोर घर आलं आणि मी गप्प झाले. आईच्या खोलीच्या चौकटीवर, कमरेच्या जरा वर, तेलकट तपकिरी ठसा आहे. दरवर्षी दिवाळीला मी तो कपडे धुण्याच्या पावडरनं घासते, संक्रांतीपर्यंत तो परत येतो. तिथून सोफ्याची पाठ, तिचं कापड एकाच जागी गुळगुळीत झालेलं. सोफ्यानंतर फ्रीजचं हँडल. फ्रीजपासून ओटा, ओट्याच्या कडेनं देवघराची फळी, तिथून बाथरूमची चौकट आणि आत टॉवेलचा रॉड. बेडरूम ते बाथरूम अख्खा रस्ता ती हातांनी चालत होती आणि मी तो रस्ता दर दिवाळीला पुसत होते. सोफा खिडकीकडं सरकवूया असा माझा लकडा होता, "हॉल मोठा दिसेल." आई नाही म्हणायची. कारण विचारलं की, "ऊन लागतं कापडाला."

दुपारपर्यंत आईच्या मनगटावर पिवळा पट्टा आला आणि पलंगाच्या पायथ्याशी घसरणाऱ्या माणसाचं चित्र असलेली पाटी. आईनं पट्टा फिरवून फिरवून पाहिला. "हे काय हळकुंड बांधलंय? लग्न कुणाशी लावताय?" मावशी पोट धरून हसल्या. त्या दिवशी तेवढंच हसू झालं. कारण पट्ट्यापाठोपाठ हुकूम आला, आजींनी उठायचं नाही. दोन्हीकडचे कठडे वर. डायपर. आईनं हात जोडून सांगून पाहिलं, मला धरून न्या, मी जाते. "आजी, डायपर लावलाय ना, त्यातच करा." हे वाक्य कुणी दुष्टपणानं म्हणत नव्हतं. दिवसात वीस वेळा, वीस आजींना म्हणावं लागतं म्हणून त्याची धार गेलेली असते. ती ऐकणाऱ्याला लागते. आईनं त्यावर तोडगा काढला. पाणी पिणंच बंद केलं. ओठ सुकले, जीभ पांढरी झाली, तरी ग्लास पुढं केला की "आत्ताच प्याले." मला कळायला दोन दिवस गेले.

कठडा हे काय प्रकरण आहे याचाही मी नंतर विचार केला. उठायचंच ठरवलेल्या, गोंधळलेल्या माणसाला कठडा थांबवत नाही. तो त्याच्यावरून चढतो, आणि मग दीड फुटावरून पडायचा तो तीन फुटांवरून पडतो. कठडा लावला की आपल्याला मात्र शांत झोप लागते. मला लागली. पाच रात्री मी सतरंजीवर गाढ झोपले, कारण आई बंद होती.

आठव्या दिवशी माझ्या मामेबहिणीचा फोन आला. ती ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात सिस्टर आहे. मी तिला ११५ गुणांची गोष्ट जरा कौतुकानंच सांगितली. ती म्हणाली, "आमच्याकडं हे गुण बघून कोण पडंल याचं भाकीत करू नका, असं २०१३ सालीच मार्गदर्शक सूचनांत लिहून आलंय. पासष्टच्या पुढचा जो कुणी भरती होईल त्याला धोका आहेच असं धरायचं, आणि याच्या बाबतीत काय सुधारता येईल ते बघायचं. आत्याचा चष्मा कुठाय?" चष्मा लॉकरच्या खणात होता, तीन दिवसांपासून. "पायात काय घालते?" रबरी सपाता, टाचेला झिजून कागद झालेल्या. "रात्री गोळी कुठली? लघवीची गोळी किती वाजता देतात?" रात्री झोपेची, आणि लघवीची संध्याकाळी सहाला. पलीकडं ताई नुसती "हं" म्हणाली. "आणि उभं करून बीपी घेतलंय का कुणी?" नव्हतं घेतलं. दिवसातून चार वेळा बीपी बघत होते, चारही वेळा आडवं.

राउंडला आलेला डॉक्टर अगदी पोरगा होता, दाढी धड न आलेला. मी भीत भीत विचारलं. त्याला राग आला नाही, उलट तो स्वतः थांबला. आईला पाच मिनिटं शांत पडू दिलं आणि बीपी घेतलं, वरचा आकडा १४६. मग मी आणि मावशींनी तिला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. एका मिनिटानं १२२, तीन मिनिटांनी ११८. "आजी, डोळ्यांपुढं अंधारतं का?" आई म्हणाली, "उठल्यावर सगळ्यांनाच अंधारतं की." किती वर्षांपासून? "झाली असतील दोन-तीन." वरचा आकडा वीसनं उतरला तरी तो धोक्याचा धरतात, इथं तर अठ्ठावीस. आजारात पाणी कमी पोटात गेलेलं, त्यात बीपीच्या गोळ्या पूर्वीच्याच जोरावर चालू. त्यानं एक गोळी कमी केली, झोपेची बंद केली, लघवीची सकाळी आठवर नेली. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पावलं वर-खाली करायची, मग उभं राहायचं. एवढंच. त्याला लागली पंधरा मिनिटं.

तोवर उशीर झाला होता. आईला कठड्याआड राहून सहा दिवस झाले होते, आणि पलंगावर एकूण नऊ. फिजिओथेरपिस्ट मुलगी आली, तिनं आईला उभं केलं तेव्हा आईचे गुडघे थरथरले आणि तिनं खाली पायांकडं पाहिलं, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखं. मी नंतर वाचलं, २००७ साली अमेरिकेत काही धडधाकट वयस्क माणसांना प्रयोग म्हणून दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांचं मांस साधारण किलोभर उतरलं. आजारी नसलेल्यांचं हे. त्याच देशात २००८ पासून सरकारी विम्यानं रुग्णालयात पडून झालेल्या दुखापतीचे वाढीव पैसे देणं बंद केलं. हेतू चांगला होता, पण कुणालाही पडू न देण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे कुणाला चालूच न देणं. आमच्याकडं पैशाचं भय वेगळं आणि नातेवाइकांचं भय वेगळं. काही झालं तर तोडफोड करणारी माणसं त्या सिस्टरनं पाहिली असणार. तिनं आईला बांधून ठेवलं म्हणून मी चिडले, आणि ती पुन्हा पडली असती तर सर्वांत आधी मीच काउंटरवर जाऊन ओरडले असते. दोन्ही खरं आहे.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी त्या मुलीनं खुर्चीपासून तीन मीटर मोजून जमिनीला चिकटपट्टी लावली. खुर्चीतून उठायचं, पट्टीपर्यंत जायचं, वळून परत यायचं, बसायचं. बाराच्या वर सेकंद लागले तर जपायला हवं. आईला वॉकर धरून ४१ लागले. घामाघूम होऊन बसली आणि विचारलं, "पास का?"

त्याच संध्याकाळी मी बिलाच्या रांगेसाठी जिन्यानं खाली जात होते. लिफ्टला गर्दी होती. जिना नुकता पुसलेला, फिनेलचा वास, मी फाइलमध्ये विमा कार्ड शोधत होते. तीन पायऱ्या मी कशी आले ते कळलं नाही. फाइल उघडी पडली, कागद खाली वळणापर्यंत गेले. पडल्यावर मी काय केलं ते मला नीट आठवतं. गुडघ्याला हात लावायच्या आधी मी वर पाहिलं आणि खाली पाहिलं, कुणी बघितलं का. कुणी नव्हतं. उठले, कागद गोळा केले, रांगेत उभी राहिले. मी चौपन्न वर्षांची आहे. घरी गेल्यावर बाथरूमचं दार लावून आयोडेक्स चोळलं, आणि नवऱ्यानं लंगडतेस का विचारलं तेव्हा सांगितलं, सतरंजीवर झोपून पाय अवघडलाय.

आई घरी आली. पहिले पंधरा दिवस वाईट गेले, ते लिहीत नाही. फिजिओची मुलगी एक दिवसाआड यायची. खुर्ची धरून टाचा उचलायच्या, हात न लावता उठायचं-बसायचं, ओट्याला धरून एका पायावर दहा आकडे. आई आकडे मोजताना गिरणीतली मापं म्हणायची, एक पायली, दोन पायली. मी प्लंबरला बोलावलं, स्टीलचे दांडे बसवायला. त्यानं ड्रिल काढलं आणि विचारलं, "कुठं मारू?" मी उंची सांगायला तोंड उघडलं, आणि थांबले. आईला म्हटलं, तू नेहमीसारखी खोलीतून बाथरूमला जा, आम्ही इथं नाही असं समज. ती निघाली. मी मागं पेन्सिल घेऊन. चौकटीवर ठशाच्या जागीच तिचा हात पडला, ते मला ठाऊक होतं. बाथरूममध्ये मात्र तिनं रॉड धरलाच नाही. तो माझ्या एम-सीलवर उभा आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. वळताना तिचा हात गेला तो नळाकडं, आणि कमोडवरून उठताना शेजारच्या भिंतीवर, मी सांगितलं असतं त्यापेक्षा चांगलं वीतभर खाली. तिथं दांडे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकावर तिचा ओला परकर वाळत होता. सोफा आहे तिथंच आहे. चौकट या दिवाळीला घासली नाही.

दीड महिन्यानं दाखवायला गेलो. ओपीडीच्या दाराशी टेबल, टेबलामागं दुसरीच सिस्टर, पुढं तसाच कागद. आई वॉकर बाजूला ठेवून खुर्चीत बसली. तीन मीटरचं अंतर आता ती १९ सेकंदांत कापत होती आणि हे तिनं येतायेता रिक्षावाल्याला सांगितलं होतं.

"आजी, गेल्या तीन महिन्यांत पडलात का?"

आईनं पदर सारखा केला. मी छताच्या पंख्याकडं पाहत होते.

"पडले," आई म्हणाली. "दोनदा. एकदा घरी, एकदा तुमच्याच वरच्या मजल्यावर. लिहा." सिस्टरनं लिहिलं. तिनं पान उलटायला हात घातला तशी आई पुढं झुकली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आणि हिलाबी विचारा. महिनाभर आयोडेक्सचा वास मारतोय बाथरूममध्ये."

सिस्टरनं पेन तसंच धरून माझ्याकडं पाहिलं. रांगेतल्या दोन बायकांनीही पाहिलं.

"नाही हो," मी म्हणाले, "पडले नाही, जरा—"

"बसली," आई म्हणाली.